वाट पाहण्याच्या काळात मागच्या अपयशांचा अभ्यास कसा करावा: पवित्र शास्त्राच्या आधारे एक मार्गदर्शन

संदेष्टा शमुवेल याने घालून दिलेल्या मुदतीप्रमाणे शौल राजा गिलगालात ७ दिवस थांबला होता. समोर मिखमाशात पलिष्ट्यांचे सैन्य जमले होते, जवळचे लोक भीतीने पांगू लागले होते आणि संदेष्ट्याचा पत्ता नव्हता. शमुवेल येऊन करणार होता तो होमबली अखेर त्याने स्वतःच अर्पण केला. आणि तो अर्पण करून होतो न होतो तोच शमुवेल येऊन पोहोचला. १ शमुवेल १३ मधला हा प्रसंग आमच्या अभ्यासवर्गात निघाला की कोणी ना कोणी हळहळून म्हणतेच, की बिचाऱ्याने थांबायचे तेवढे थांबून तर पाहिले होते. ही हळहळ मला खोटी वाटत नाही, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे एखादे तरी अपयश असेच, शेवटच्या घटकेला हात सुटल्यामुळे घडलेले असते.

पवित्र शास्त्रातील मोठी अपयशे या दृष्टीने एकत्र ठेवून पाहिली, की एक गोष्ट ठळकपणे दिसते. मोशे ४० दिवस डोंगरावर होता आणि खाली लोक त्याची वाट पाहत होते, तेव्हा सोन्याचे वासरू ओतले गेले. वचनाचा पुत्र मिळण्याची वाट पाहत असताना अब्राम आणि साराय (पुढे अब्राहाम आणि सारा) यांनी दासी हागारेकडून मूल मिळवण्याची युक्ती काढली. शौलाची गोष्ट तर वर आलीच. ही अपयशे प्रतीक्षेच्या आधी किंवा नंतर घडली नाहीत, ती प्रतीक्षेच्या पोटातच घडली. म्हणून आज आपण ज्या प्रतीक्षेत आहोत तिच्यात मागच्या अपयशाचा अभ्यास करायचा, तर मुख्य प्रश्न ‘मी काय चुकलो’ हा नसून ‘तेव्हा मी कशाची वाट पाहत होतो आणि ती मी कशी पाहिली’ हा असावा, असे माझे मत आहे. पुढील पायऱ्या या प्रश्नाभोवती रचलेल्या आहेत.

आरंभापूर्वी एक सावधगिरी

प्रत्येक प्रतीक्षा ही शिक्षा नसते. योसेफ १७ वर्षांचा असताना विकला गेला आणि मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा तो ३० वर्षांचा होता. त्यातली पुरी २ वर्षे केवळ राजाला पेय देणारा प्यालेबरदार त्याला विसरला म्हणून तुरुंगात गेली. त्या विसराळूपणात योसेफाचा काहीच दोष नव्हता. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी ‘कोणी पाप केले’ असे विचारले, तेव्हा येशूने तो प्रश्नच मोडीत काढला. ईयोबाच्या मित्रांनाही शेवटी देवाकडून बोलणी खावी लागली, कारण ते दुःखाचा हिशेब पापाशी जुळवत बसले होते. तेव्हा आजार, मृत्यू, नोकरीतील अन्याय किंवा दुसऱ्याने केलेला अत्याचार यामुळे जे वाट पाहत आहेत, त्यांनी या लेखाचा उपयोग स्वतःला दोषी ठरवण्यासाठी करू नये. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्याची इच्छा कमी झाली असेल, तर वही उघडण्यापूर्वी डॉक्टरांना आणि एखाद्या विश्वासू माणसाला भेटावे.

तयारी

एक साधी वही घ्यावी आणि आठवड्यातून दोन वेळा अर्धा अर्धा तास ठरवावा. रोजचा नियम मी सुचवत नाही, कारण रोज आपलीच अपयशे उकरण्याने माणूस नम्र होण्याऐवजी स्वतःतच गुरफटतो. हा अभ्यास साधारण ६ ते ८ आठवड्यांत व्हावा. आगमनकाळ (नाताळापूर्वीचा) किंवा उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचा) पाळणाऱ्यांना तो काळ आरंभासाठी सोयीचा पडेल. शक्य असेल तर दोन भाषांतरे जवळ ठेवावीत. नेहमीच्या वाचनातील भाषांतराबरोबर, पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये आयुष्याच्या अखेरीपर्यंत खपून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले मराठी भाषांतर मिळाले तर पाहावे. पाठ झालेले वचन वेगळ्या शब्दांत समोर आले की त्याच्यावरून घसरून जाणारी नजर थबकते.

प्रत्येक बैठकीच्या आरंभी स्तोत्र १३० वाचावे. ते ८ वचनांचे आहे, म्हणजे वेळेची सबब चालणार नाही. ते निवडण्याचे कारण असे, की त्यात आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू एका दमात येतात: परमेश्वराने अधर्माचा हिशेब ठेवला तर कोण टिकेल, हा प्रश्न आधी येतो आणि पहारेकरी पहाटेची वाट पाहतो त्याहून अधिक आतुरतेने मी प्रभूची वाट पाहतो, हे म्हणणे त्यानंतर येते. पाचव्या वचनात वाट पाहण्यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, त्याच्याशी नाते असलेला ‘तिक्वा’ हा शब्द आशा या अर्थाने येतो. आणि यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाबेने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठीही हाच शब्द आहे. दोरी ताणलेली असते आणि तिचे दुसरे टोक कुठे तरी बांधलेले असते, एवढे लक्षात ठेवून पुढे जावे.

पहिली पायरी: आजच्या प्रतीक्षेचे नाव लिहिणे

वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहाव्यात: आपण कशाची वाट पाहत आहोत, केव्हापासून, आणि कोणाच्या शब्दावर. तिसरा भाग सर्वांत अवघड जातो. अब्राहामाजवळ देवाचे वचन होते आणि शौलाजवळ संदेष्ट्याचा स्पष्ट शब्द होता. आपल्याजवळ मात्र पुष्कळदा केवळ इच्छा असते आणि तिलाच आपण वचन म्हणू लागतो. मुलाचे लग्न, परदेशचा व्हिसा, कोर्टातला निकाल, सरकारी परीक्षेची यादी, यांविषयी प्रार्थना जरूर करावी. पण ‘देवाने सांगितले आहे’ आणि ‘मला हवे आहे’ यांतला फरक वहीत प्रामाणिकपणे नोंदवावा. इच्छा असणे हा अपराध नाही. तिला वचनाचा पोशाख चढवला की पुढे देवावर रुसण्याची पाळी येते.

या पायरीसाठी यिर्मया २८ आणि २९ हे अध्याय लागोपाठ वाचावेत. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने लोकांना सांगितले, की बाबेलचे जू २ वर्षांत मोडेल. यिर्मयाने बाबेलात नेलेल्या बंदिवानांना पत्र पाठवून ७० वर्षे सांगितली आणि घरे बांधा, बागा लावा, लेकरांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे कळवले. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत’ या आशयाचे २९:११ हे वचन आपल्याकडे किती तरी घरांच्या भिंतीवर आणि दरवर्षीच्या ख्रिस्ती दिनदर्शिकेवर असते. त्याच्या आदल्याच वचनातला ७० हा आकडा मात्र कोणी छापत नाही. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांच्या आयुष्यात परतीचा दिवस उगवणारच नव्हता. आपण हनन्याच्या मुदतीवर जगत आहोत की यिर्मयाच्या, हे पहिल्या आठवड्यातच तपासावे.

दुसरी पायरी: एकच अपयश निवडून ते क्रियापदांत लिहिणे

सगळे आयुष्य एकदम उघडू नये. ज्याची आठवण आजच्या प्रतीक्षेत वारंवार डोके वर काढते असे एकच अपयश निवडावे आणि ते घटना म्हणून लिहावे. नमुना म्हणून निर्गम २:१२ पाहावे. मोशेने इकडे तिकडे पाहिले, कोणी नाही असे पाहून मिसऱ्याला मारले आणि त्याला वाळूत पुरले. एका वचनात सारे आले. विशेषण नाही, सफाई नाही, आणि ‘परिस्थितीच तशी होती’ हे वाक्य तर नाहीच. त्या इब्री माणसावर खरोखर जुलूम होत होता, हे आदल्या वचनात सांगितलेले आहे. तरीही इकडे तिकडे पाहणे आणि वाळूत पुरणे या दोन क्रियांनी सत्य उघडे पाडले. ज्याला आपले काम न्याय्य वाटते तो आधी आजूबाजूला पाहत नाही आणि नंतर पुरावा झाकत नाही.

आपणही पाच-सहा वाक्ये लिहावीत आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘मी’ असावा. ‘पैसे खर्च झाले’ असे न लिहिता ‘मी मंडळीच्या निधीतले पैसे घरी वापरले’ असे लिहावे; ‘बोलणे वाढले’ असे न लिहिता ‘मी भावाला सर्वांसमोर अपशब्द बोललो’ असे लिहावे. मराठीत कर्ता लपवण्याच्या सोयी पुष्कळ आहेत आणि कबुली देताना आपण त्या सगळ्या वापरतो. शौलाचे उत्तर याच दृष्टीने वाचावे. शमुवेलाने ‘तू काय केलेस’ असे विचारले, तेव्हा त्याने आधी लोक पांगत होते हे सांगितले, मग तू वेळेवर आला नाहीस हे सांगितले, मग पलिष्टी जमले होते हे सांगितले आणि शेवटी, मनाला आवरून का होईना, मला अर्पण करणे भाग पडले असे म्हटले. तिन्ही कारणे खरी होती, हेच त्यातले दुःख आहे. खरी कारणे जरूर लिहावीत, पण वेगळ्या पानावर. घटनेच्या पानावर ती येऊ देऊ नयेत.

तिसरी पायरी: पाप, चूक आणि आपत्ती वेगळी करणे

एकाच अपयशात तिन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात आणि तिघींवरचा उपाय वेगळा असतो. पापाला पश्चात्ताप आणि क्षमा हवी, चुकीला शहाणपण हवे, आणि आपत्तीला सांत्वन हवे. चुकीचे चांगले उदाहरण यहोशवा ९ मध्ये आहे. गिबोनच्या लोकांनी बुरसटलेल्या भाकरी आणि फाटके जोडे दाखवून दूरदेशचे असल्याचे सोंग केले आणि इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी परमेश्वराला न विचारताच करार करून टाकला. फसवणूक कळल्यावर त्यांनी शपथ मोडली नाही. चुकीचे परिणाम सोसून शब्द पाळला. घाईत घेतलेले कर्ज किंवा न वाचता सही केलेला करार या प्रकारात मोडतो. त्याबद्दल छाती पिटून घेण्यापेक्षा हप्ते भरणे आणि पुढच्या वेळी कागद वाचणे अधिक धार्मिक आहे. आपत्तीसाठी रूथ १ वाचावे. दुष्काळ आणि तीन मृत्यू नामीच्या हातचे नव्हते, आणि तिने मला ‘मारा’, म्हणजे कडू, म्हणा असे म्हटले तेव्हा तिला कोणी दटावल्याचेही तेथे लिहिलेले नाही.

वहीतल्या प्रत्येक वाक्यापुढे या तिघांपैकी एक शब्द लिहावा. जिथे ठरवता येत नाही तिथे जागा कोरी सोडून पुढे जावे.

चौथी पायरी: ‘तेव्हा मी कशाची वाट पाहत होतो?’

आता मुख्य प्रश्नाकडे वळावे आणि त्यासाठी दोन आठवडे राखून ठेवावेत. आधी अब्राहामाच्या गोष्टीतले आकडे मांडावेत. हारान सोडताना तो ७५ वर्षांचा होता; कनानात १० वर्षे राहिल्यावर सारायने हागारेला पुढे केले; इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता; त्यानंतरचे देवाचे बोलणे नोंदलेले आहे ते तो ९९ वर्षांचा असतानाचे. उत्पत्ती १६ संपून १७ सुरू होतो त्या एका ओळीच्या जागेत १३ वर्षे आहेत. हागारेच्या प्रसंगात वचनावरचा विश्वास सुटला होता असे मला वाटत नाही. वचन पुरे करण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे असे त्या दोघांना वाटू लागले होते. आणि त्या घाईची किंमत त्यांच्याआधी, जिला कोणी विचारलेच नव्हते त्या दासीने मोजली. म्हणून आपल्या अपयशाची नोंद करताना ‘माझ्या अधीरतेची किंमत कोणी मोजली’ हाही एक प्रश्न वहीत असावा. बहुधा उत्तर घरातल्याच कोणाचे तरी नाव असते.

यानंतर दाविदाचे १ शमुवेल २४ ते ३० हे अध्याय घ्यावेत, कारण प्रतीक्षेतच चुकणे आणि प्रतीक्षेतच शिकणे यांचा एवढा सविस्तर आलेख पवित्र शास्त्रात मला दुसरा माहीत नाही. अभिषेक झालेला आहे, राज्य मिळालेले नाही आणि शौल जिवावर उठला आहे, अशी त्याची स्थिती होती. एन-गेदीच्या गुहेत शौल हातात सापडला असता दाविदाने फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. लगेच पुढच्याच अध्यायात नाबाल नावाच्या श्रीमंत माणसाच्या उद्धट उत्तराने तोच दावीद ४०० माणसांना तलवारी बांधायला लावून निघाला. राजाच्या बाबतीत आवरलेला हात एका मेंढपाळ धन्याच्या बाबतीत आवरला नाही. नाबालाची पत्नी अबीगईल वाटेत आडवी आली आणि तिने त्याला पुढचा दिवस दाखवला: उद्या राजा होशील तेव्हा विनाकारण सांडलेल्या रक्ताची बोचणी मनाला नसावी. दाविदाने तिचे ऐकले; आणि सुमारे १० दिवसांनी नाबाल मेल्याचे कळल्यावर, परमेश्वराने आपल्याला वाईटापासून आवरले, असे तो म्हणाला.

आता २६ वा अध्याय उघडावा. हकीला टेकडीजवळ शौल पुन्हा झोपलेला सापडतो आणि दाविदाचा सोबती अबीशय म्हणतो, एकाच घावात संपवतो. या वेळी दाविदाजवळ एक तयार उत्तर आहे: परमेश्वर त्याला मारील, किंवा त्याचा दिवस भरून तो मरेल, किंवा लढाईत जाऊन नष्ट होईल. गुहेत हे वाक्य नव्हते. नाबालाच्या प्रकरणाने ते त्याला दिले, कारण आपण तलवार न उगारताही गोष्टी निकालात निघतात हे त्याने मधल्या काळात डोळ्यांनी पाहिले होते. अपयशातून शिकणे म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले तर मी हे वाक्य दाखवीन. पुढे गिलबोवा डोंगरावर त्या तीनांपैकी तिसरी गोष्ट घडली.

पण लेखक तिथे थांबत नाही आणि आपणही थांबू नये. २७ वा अध्याय उघडतो तो ‘दावीद मनातल्या मनात म्हणाला’ अशा अर्थाने. आज ना उद्या शौलाच्या हातून आपण मरू, त्यापेक्षा पलिष्ट्यांच्या देशात जावे, असा त्याने हिशेब केला आणि तेथे १ वर्ष ४ महिने काढले. आखीश राजाशी खोटे बोलत, छापे घालत. २३ व्या अध्यायात कईलाच्या प्रसंगी पुन्हा पुन्हा परमेश्वराला विचारणारा दावीद या काळात एकदाही विचारताना दिसत नाही. त्याचे राहते नगर सिकलाग जळाले, बायका-मुले अमालेक्यांनी नेली, स्वतःची माणसे दगडमार करण्याची भाषा बोलू लागली, तेव्हा ३० व्या अध्यायात त्याने परमेश्वराच्या ठायी धीर धरला आणि एफोद (याजकाचे वस्त्र) आणवून पुन्हा विचारले. थकवा हे त्याच्या या अपयशाचे मूळ होते असे मला दिसते. मोह दोनदा परतवून लावलेला माणूस थकव्याला बळी पडला.

वहीत आपल्या अपयशाच्या आधीचे ३ महिने आठवून लिहावेत. तेव्हा कशाची वाट होती, कोणी घाई करत होते का, झोप आणि विश्रांती कशी होती, प्रार्थना केव्हा बंद पडली, आणि ‘मनातल्या मनात’ कोणते वाक्य आपण स्वतःला सांगत होतो, या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की दुसरे एखादे जुने अपयश घेऊन तेच करावे. दोन्ही पानांवर सारखे काय आहे ते अधोरेखित करावे. एखाद्याच्या बाबतीत लोकांची भीती निघेल, दुसऱ्याच्या बाबतीत पैशाची चणचण, तिसऱ्याच्या बाबतीत अपमान.

पाचवी पायरी: कबुली आणि भरपाई

यहूदा इस्कर्योत आणि पेत्र हे दोघेही एकाच रात्री कोसळले आणि दोघांनाही पस्तावा झाला. यहूदाने ३० रुपये परत फेकले आणि मी निर्दोष रक्ताचा घात केला असे स्पष्ट शब्दांत म्हटले, म्हणजे त्याच्या कबुलीत शब्दांची उणीव नव्हती. पण तो ती घेऊन ज्यांना तिचे सोयरसुतक नव्हते अशा याजकांकडे गेला आणि नंतर एकटा पडला. पेत्र रडला आणि तरीही बाकीच्यांमध्ये राहिला. योहानाने येथे एक बारीक तपशील जपला आहे. पेत्राने येशूला नाकारले ते अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ उभा असताना, आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी त्याला ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’ हा प्रश्न तीनदा आला तोही कोळशाच्याच विस्तवाजवळ. नव्या करारात या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो. त्याची जुनी जखम टाळून त्याला नवे काम दिले गेले नाही.

कबुली प्रथम देवापुढे द्यावी. तिच्यासाठी स्तोत्र ५१ पुरेसे आहे. ज्यांच्या परंपरेत धर्मगुरूंपुढे पाप कबूल करण्याचा संस्कार आहे त्यांनी त्याचा आधार घ्यावा. इतरांनी एखाद्या परिपक्व, तोंड बंद ठेवणाऱ्या विश्वासणाऱ्याला निवडावे. प्रार्थनासभेत सर्वांसमोर सगळे सांगून टाकण्याची घाई करू नये, कारण मंडळीत प्रार्थनेच्या नावाखाली बातमी किती वेगाने फिरते ते आपण सारेच जाणतो.

त्यानंतर भरपाई. लेवीय ६ आणि गणना ५ मध्ये लुबाडलेल्या मालाची भरपाई एक पंचमांश अधिक घालून करण्याचा नियम आहे, आणि जकातदार जक्कयाने तर चौपट परत करण्याचे जाहीर केले. पैसा, जमीन किंवा वस्तू यांचा प्रश्न असेल तर परत करण्याची तारीख आणि रक्कम वहीत लिहावी. शब्दाने दुखावले असेल तर क्षमा मागताना वाक्यात ‘पण’ येऊ देऊ नये. समोरच्या व्यक्तीने लगेच क्षमा करावी, रडावे, मिठी मारावी, अशी अपेक्षा धरू नये. आणि आपल्या भेटीनेच तिला नवा त्रास होणार असेल तर आपले मन हलके करण्यासाठी तिच्या दारात जाऊ नये. अशा वेळी मध्यस्थाला विचारावे.

अपयश एकट्याचे नसेल तर दानीएल ९ वाचावे. यिर्मयाची ७० वर्षे भरत आली आहेत हे ग्रंथांतून कळल्यावर दानीएलाने परतीचा आनंद साजरा केला नाही. तो उपवास करून, गोणपाट नेसून, राख घेऊन ‘आम्ही पाप केले’ असे म्हणत बसला, आणि त्या ‘आम्ही’मध्ये त्याने स्वतःला धरले. मालमत्तेवरून किंवा निवडणुकीवरून दुभंगलेल्या मंडळीने नव्या पाळकाची वाट पाहताना हा अध्याय एकत्र वाचावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सहावी पायरी: प्रतीक्षेतच लहान काम हाती घेणे

शिकलेले खरे आहे की नाही ते वहीत कळत नाही. तसाच प्रसंग पुन्हा आला की कळते. योसेफाला विकण्याची सूचना करणारा भाऊ यहूदाच होता. सुमारे २२ वर्षांनी त्याच योसेफापुढे, बन्यामिनाच्या बदल्यात मला गुलाम म्हणून ठेवा असे म्हणणाराही तोच. बापाचा लाडका लेक पुन्हा पणाला लागला होता आणि या वेळी यहूदाने स्वतःला पुढे केले. या दोन टोकांच्या मध्ये उत्पत्ती ३८ आहे, जिथे सून तामार हिच्या बाबतीत त्याला ‘ती माझ्याहून नीतिमान आहे’ असे चारचौघांत कबूल करावे लागले. योहान मार्क पंफुल्यातील पिर्गा येथून पौलाची सुवार्तेची मोहीम सोडून परतला होता आणि त्याच्यामुळे पौल आणि बर्णबा यांच्यात फाटले. पुढे पौलानेच, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असे लिहून त्याला बोलावून घेतले. मध्ये बर्णबा त्याला बरोबर घेऊन कुप्रास गेला होता, हे विसरू नये.

म्हणून आपल्या दुबळ्या जागेशी संबंधित असे लहान, फारसे न दिसणारे काम घ्यावे. पैशात चुकलेल्याने आपल्या घराचा हिशेब जोडीदारासमोर दर शनिवारी मांडावा. निधीची पेटी सांभाळण्याचे काम एवढ्यात मागू नये. जिभेने चुकलेल्याने ऐकण्याचे काम घ्यावे, आजाऱ्याजवळ बसावे. पारसाच्या राजाचा प्यालेबरदार नहेम्या याने यरुशलेमेच्या ढासळलेल्या तटाची बातमी किसलेव महिन्यात ऐकली आणि राजाने विचारले ते नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे ४ महिन्यांनी. तोवर तो उपवास आणि प्रार्थना करत होता, पण राजाने विचारताच त्याच्याजवळ मुदत, प्रांताधिकाऱ्यांसाठी पत्रे आणि लागणाऱ्या लाकडाची मागणी, सारे तयार होते.

सातवी पायरी: प्रतीक्षा संपत आल्यावर

अब्राहामाच्या चरित्रातली एक गोष्ट मी मुद्दाम शेवटपर्यंत ठेवली आहे. दुष्काळात मिसरात गेला असता त्याने जिवाच्या भीतीने सारायला बहीण म्हणून सांगितले होते, हे उत्पत्ती १२ मध्ये आहे. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ गेला, वचने मिळाली, करार झाला, नाव बदलले, पुढच्या वर्षी सारेला पुत्र होईल असे तिथीसह सांगून झाले. आणि उत्पत्ती २० मध्ये गराराच्या अबीमलेख राजापुढे त्याने अगदी तेच खोटे पुन्हा सांगितले. विचारल्यावर त्याने जे उत्तर दिले त्यावरून कळते, की ही निघतानाच ठरलेली व्यवस्था होती, जिथे जाऊ तिथे असेच सांगायचे. हागारेची चूक त्याला ठळकपणे दिसली असेल. ही मात्र सवय होती, म्हणून ती तपासली गेली नाही. पुढच्याच अध्यायात इसहाक जन्मतो. प्रतीक्षेचा शेवट एवढा जवळ असताना वचनाची माता दुसऱ्याच्या घरात जाऊन पोहोचली होती, आणि देवाने स्वप्नात अबीमलेखाला अडवले म्हणून अनर्थ टळला. २६ व्या अध्यायात तोच बहाणा इसहाकाच्या तोंडी, त्याच गरारात, पुन्हा येतो.

पेत्राचेही असेच. पेंटेकॉस्टनंतर बदललेला पेत्र अंत्युखियात यरुशलेमेहून काही लोक येताच परराष्ट्रीयांच्या पंगतीतून मागे सरला; अंगणातली ती लोकांची भीती गेली नव्हती. पौलाने त्याला तोंडावर अडवले.

म्हणून निकालाची तारीख लागली, बोलावण्याचे पत्र आले, लग्न ठरत आले, की वही पुन्हा उघडावी आणि तीन गोष्टी कराव्यात. चौथ्या पायरीत अधोरेखित केलेले वाक्य नव्या पानावर उतरवावे. त्याच्याखाली, मोठ्या चुकांच्या यादीत कधीच न आलेली, पण अडचणीत सापडल्यावर आपण सहज करतो अशी एखादी लहान लबाडी लिहावी. ती आठवत नसेल तर पत्नीला, पतीला किंवा भावंडाला विचारावे, त्यांना ती नक्की ठाऊक असते. आणि ज्याला पौलाप्रमाणे तोंडावर बोलता येते अशा एका माणसाला ते पान दाखवून, पुढील महिनाभर दर आठवड्याला मला याविषयी विचार, असे सांगून ठेवावे.